जुन्या फायबर होडीचा ड्रेन दर सीझनला गळतो? बूच बदलून भागत नसेल तर भोक उघडून बघा

मंडळी, हा प्रश्न दरवर्षी गणपतीच्या आगेमागे कोणी ना कोणी विचारतंच. होड्या नुकत्याच पाण्यात गेलेल्या असतात, मागच्या फळीतलं ड्रेनचं, म्हणजे आत साचलेलं पाणी काढून टाकायच्या भोकाचं, बूच नवीन बसवलेलं असतं, भोवती सिलिकॉन चोपडलेलं असतं, आठ-पंधरा दिवस सगळं कोरडं ठणठणीत, आणि मग एका सकाळी जाऊन बघावं तर मशीनखाली परत चार बादल्या पाणी. मग विचारतात, कुठल्या कंपनीचं बूच घेऊ? अहो, कुठल्याही कंपनीचं घ्या, तुम्ही बदलताय ते बूच आणि खराब आहे ते भोक. जुन्या होडीत बहुतेक वेळा हेच निघतं. त्यामुळे खाली जे लिहितोय ते मुख्यतः भोकाबद्दल आहे, बुचाबद्दल जेवढं लागेल तेवढंच.

मी बोलतोय ते १४ ते २० फुटी साध्या फायबर होड्यांबद्दल, मागे एक आऊटबोर्ड, म्हणजे बाहेरून अडकवायचं मशीन, लटकवलेलं, वय दहा-पंधरा वर्षं किंवा जास्त. मालवण-देवबागला, रत्नागिरी, अलिबागकडे, गोव्यात, सगळीकडे याच दिसतात, मासेमारीला पण आणि टुरिस्ट फिरवायला पण. यांची मागची फळी म्हणजे ट्रान्सम दिसतं अख्खं फायबरचं पण पोटात प्लायवूड असतं. बाहेरून फायबरचा थर, मध्ये इंच-दीड इंच प्लाय, आतून परत फायबर. मशीनचं सगळं वजन आणि ओढ त्या प्लायवर. आता ड्रेनसाठी तळाला लागून आरपार भोक पाडलं की प्लायची कापलेली कड उघडी पडते. त्या कडेला दोन-तीन हात रेझिन पाजायला फार वेळ लागत नाही, पण बांधताना घाईत ते राहून जातं, नुसतं पितळी फिटिंग बसवलं, तीन स्क्रू मारले, थोडं सीलंट दाबलं, झालं काम. नवीन होडीत काहीच कळत नाही. काही वर्षांनी सीलंट कडक होऊन कडेने सुटतं, स्क्रूच्या भोकांतून पाणी झिरपतं, प्लाय पाणी पितो, फुगतो, मऊ पडतो, मग स्क्रूला धरायला काही उरतच नाही आणि फ्लँज, म्हणजे फिटिंगची स्क्रू मारलेली चपटी कड, केसभर हलायला लागते. हलत्या फ्लँजखाली महागातलं महाग सीलंट मारा, ते सुटणारच. म्हणून तुमचं काम पंधरा दिवस टिकतं.

आणि एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. प्लाय कुजवायला समुद्राचं पाणी तितकं जबाबदार नाही जितकं पावसाचं आहे. लाकूड कुजवते ती बुरशी आणि तिला गोडं पाणी मानवतं, खारं तितकंसं नाही. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मशीनच्या होड्यांना मासेमारीबंदी, होड्या वर ओढून शाकारलेल्या, कोकणात पावसाळ्याच्या चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणार, आणि मागच्या बाजूला दोन बोटं पाणी साचून ते अख्खा पावसाळा त्या भोकाच्या कडेला लागून राहणार. म्हणजे होडी समुद्रात असताना कुजत नाही, ती अंगणात माडाखाली उभी असताना कुजते. कोयनेच्या शिवसागरात तापोळ्याकडे चालणाऱ्या बोटी तर बारा महिने गोड्या पाण्यातच असतात, त्यांनी जास्तच लक्ष द्यावं.

बरं, उघडायच्या आधी पाणी नक्की ड्रेनमधूनच येतंय का ते पक्कं करा. लोक हे करत नाहीत आणि थेट ग्राइंडर घेऊन बसतात. होडी जमिनीवर, नाळ म्हणजे पुढचं टोक जरा उंच, मागची बाजू खाली. बाहेरून ट्रान्समचा खालचा भाग खडखडीत पुसायचा आणि त्यावर टाल्कम पावडर नाहीतर खडूची भुकटी मारायची. बूच नेहमीसारखं घट्ट लावून आत चार-पाच बादल्या पाणी ओतायचं आणि त्यात कपड्याची नीळ टाकायची. होडी भरायची नाही हां. १०० लिटर म्हणजे १०० किलो, समुद्रात होडीला बाहेरून पाण्याचा आधार असतो, जमिनीवर सगळा भार दोन टेकूंवर येतो आणि टेकू चुकीच्या जागी असला तर तळाला चीर जाते. पाणी ओतलं की खुर्ची घेऊन बसा, अर्धा तास तरी. पावडरीवर पहिला ओला डाग कुठे उमटतो ते बघायचं, बाकी काही नाही.

डाग बुचाच्या मधोमध आला, म्हणजे आट्यांतून किंवा रबराच्या कडेने, तर तुम्ही स्वस्तात सुटलात. फ्लँजच्या कडेने किंवा स्क्रूच्या डोक्याखालून आला तर सीलंट गेलंय आणि बहुतेक मागचा प्लायही. तिसरा प्रकार वाईट, फ्लँजजवळ सगळं कोरडं पण तिथून चार-सहा इंच लांब ट्रान्सम आणि तळाच्या जोडावर ओल येते आणि ती निळी नसते, तपकिरी असते, वास मारते. ते तुम्ही आत्ता ओतलेलं पाणी नाही, ते प्लायमध्ये मुरलेलं जुनं पाणी आहे, नवीन पाणी आत शिरून त्याला बाहेर ढकलतंय.

आणि काहीच डाग आला नाही तर ड्रेनला शिव्या घालू नका. मशीनचे बोल्ट तपासा, त्यांची भोकंही त्याच प्लायमधून जातात. तळाच्या पट्टीचे स्क्रू बघा. बिल्ज पंप, म्हणजे तळातलं पाणी उपसणारा पंप, असेल तर त्याच्या पाइपचं बाहेरचं तोंड लोड भरल्यावर पाण्याखाली जातंय का बघा, कारण पंप बंद झाला की त्याच पाइपातून पाणी उलटं आत येतं आणि माणूस महिनाभर बूच बदलत बसतो.

आता बुचाचं थोडक्यात. रबरी फुगणारं बूच असेल, म्हणजे वरचा नट फिरवला की रबर पसरतं ते, तर रबराला अंगठ्याने दाबून बघा, कडक झालेलं किंवा एकाच जागी खोलगट बसलेलं असेल तर फेकून द्या. पेट्रोल-ऑइलचं पाणी त्याच्यावर सतत असतं, ते रबराला खातं. साधं ग्रीस लावू नका, सिलिकॉन ग्रीस लावा. होडी वर असताना बूच सैल करून काढून ठेवा, महिनोन्‌महिने पिळून ठेवलेलं रबर परत मूळ आकारात येत नाही.

आट्यांचं बूच असेल तर एक गडबड हमखास सापडते. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते पाइपचं सामान बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाच्या, आट्यांचं. ऑनलाइन मागवलेलं किंवा इम्पोर्टेड होडीवर आलेलं ड्रेन फिटिंग बहुतेक अमेरिकन मापाचं, एनपीटी. अर्धा इंचीला दोन्हींमध्ये इंचाला १४ च आटे असतात म्हणून हे बूच त्या फिटिंगमध्ये दोन-तीन फेरे मस्त जातं आणि माणसाला वाटतं बसलं. पण आट्याचा कोन बीएसपीला ५५ अंश आणि एनपीटीला ६०, बाहेरच्या व्यासातही थोडा फरक, त्यामुळे ते नीट बसतच नाही, मग आपण पाना लावून पिळतो, मऊ पितळाचे आटे खाऊन टाकतो, आणि पुढच्या वेळी खरं बूच आणलं तरी गळतं. टेफ्लॉन टेपचे दहा वेढे मारून हे झाकता येतं, दुरुस्त होत नाही. फिटिंग आणि बूच जोडीनेच घ्या, आणि दुसरं बूच त्याच वेळी घेऊन ठेवा.

वाळू हा वेगळाच त्रास. आपल्याकडे होडी ट्रेलरवरून उतरवणारे कमी, ओंडक्यांवरून माणसं लावून पुळणीवर ओढणारे जास्त. ट्रान्समच्या बाहेर आलेलं फिटिंग वाळूत घासतं, आट्यांत वाळू बसते, त्याच वाळूसकट आपण बूच फिरवतो. लावायच्या आधी जुना टूथब्रश आणि तांब्याभर पाणी, एवढं केलं तरी बूच कितीतरी जास्त टिकतं.

पितळाचं मात्र जरा सविस्तर सांगतो कारण हे डोळ्याला दिसत नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहिलं की त्यातलं जस्त निघून जातं आणि मागे उरतं ते सच्छिद्र, ठिसूळ तांबं. आकार तोच, जाडी तीच, वरून हिरवट कीट, कोणाला काही कळत नाही. कानशीने एक कड जरा घासा. पिवळंधमक आलं तर धातू जिवंत आहे, गुलाबी-लालसर आलं तर ते फिटिंग गेलं, पॉलिश करून, ब्रासोने घासून काही होणार नाही. आमच्या वाडीतल्या एका काकांची १७ फुटी होडी आहे, ते सारखे म्हणायचे, "बूच गेल्या म्हयन्यातच बदललंय रे, तरी पाणी येताच हा." त्यांच्या ड्रेनची नळी पकडीत धरून नुसती दाबली तर कडेचा नखाएवढा तुकडा कट्‌कन तुटून आला. तुटलेली कड आतून पूर्ण गुलाबी आणि रवाळ, पिवळ्याची एक रेघ पण नाही. आणि नळीच्या मधोमध, म्हणजे जिथे ती प्लायच्या आत असते तिथे, टाचणी जाईल असं आरपार छिद्र. आता विचार करा, बाहेरून बूच घट्ट, आतून सगळं घट्ट, आणि पाणी नळीच्या पोटातून सरळ प्लायमध्ये. कितीही बुचं बदला.

म्हणून नवीन घेताना पितळाऐवजी गनमेटल घ्या. त्यात कथील असतं, जस्त अगदी थोडं. व्हॉल्व्ह-फिटिंग विकणाऱ्यांकडे किंवा बंदराजवळच्या दुकानांत मिळतं, नाही मिळालं तर लेथवाल्याला गनमेटलचा तुकडा देऊन फ्लँज कातून घ्या, साधं काम आहे. स्टीलचं घेतलंत तर ३१६ ग्रेडचंच घ्या, आणि ओल्या लाकडात घुसलेल्या स्टील स्क्रूवर जास्त विश्वास ठेवू नका, हवा न लागता ओलीत राहिला की तोही आतून खड्डे पडून बारीक होतो, डोकं मात्र वर चकचकीत.

तर आता काम. एक तर हे काम मार्च ते मेमध्ये करा. ऑगस्टमध्ये दर्यात जायच्या चार दिवस आधी हे होत नाही, ओला प्लाय त्या हवेत वाळतच नाही.

जुनं फिटिंग काढताना जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरावर, स्क्रूड्रायव्हर टेकवून उचकटू नका, जेलकोटचे टवके उडतात आणि कामाला काम वाढतं. स्क्रू फिरत असतील तर फिरवा, नुसतेच गरगर फिरत असतील तर निदान तिथेच झालं, मागे लाकूड नाही. डोकं तुटलेला स्क्रू ड्रिल करून काढा. फ्लँजखाली पात्याने सीलंट कापत फिरा, अडलं तर सोल्डरिंग आयर्नने फ्लँजला शेक द्या, सीलंट मऊ होतं. आरपार नळी असेल तर तिची आतल्या बाजूची वळवलेली कड कानशीने घासून टाका आणि आतून बाहेर हलकेच ठोका. गंजस्प्रे मारायचा मोह होतो, शक्यतो मारू नका, ते तेल लाकडात जातं आणि नंतर रेझिन धरत नाही. मारलाच असेल तर आधी अ‍ॅसिटोनने पुसा, मग सँडपेपर. उलटं केलंत तर तेल घासून आणखी आत जातं.

आता भोकात बोट घाला. खरंच घाला. चांगला प्लाय कडक आणि कोरडा लागतो. काकांच्या होडीत बोट घातल्यावर काळा चोथा नखात आला, पिळला तर पाणी. तसं असेल तर सड किती लांब गेलीय ते शोधायचं. आधी ठोकून बघा, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने, भोकापासून लांब लांब जात. चांगल्या जागी टणक आवाज, सडक्या जागी बद्द. मग आतल्या बाजूने, फक्त आतल्या, ३-४ एमएमच्या ड्रिलने भोकापासून दोन, चार, सहा इंचांवर एकेक बारीक भोक, बाहेरच्या थराला न लागता. भुसा पांढरट कोरडा आला की तिथे थांबा. ही भोकं नंतर इपॉक्सीने बुजतात, काळजी नको.

सड साधारण तळहाताएवढ्या जागेत असेल तर खाली सांगतोय ते काम करा. त्याहून मोठी असेल, किंवा मशीन खाली सोडून तिच्या कॅव्हिटेशन प्लेटला, म्हणजे पंख्याच्या वरच्या आडव्या पत्र्याला, धरून वर-खाली केल्यावर ट्रान्सम वाकताना दिसत असेल, किंवा वरच्या कोपऱ्यांत चिरा पडल्या असतील, तर ड्रेनचं विसरा, ट्रान्समचा प्लायच बदलावा लागेल आणि ते फायबरवाल्याकडूनच करून घ्या. प्लाय आयएस (भारतीय मानक) ७१० चा, मरीन ग्रेड, घातलाय का ते शिक्का बघून खात्री करा, आयएस ३०३ चा फर्निचरवाला नको. प्रवासी नेत असाल तर मेरीटाइम बोर्डाच्या सर्व्हेची वाट न बघता हे करा, भर समुद्रात मशीनसकट ट्रान्सम सुटलं तर बूच राहील बाजूला.

छोटी सड असेल तर मूळ भोक जरा मोठं करा आणि दोन फायबर थरांच्या मधला सडका प्लाय खरवडून काढा. यासाठी वाकवलेला खिळा किंवा जुनी अ‍ॅलन की ड्रिलमध्ये पकडून हळू फिरवली की ती थरांच्या मधून कुरतडत जाते, बाहेरचे थर शाबूत राहतात. भोकाच्या चहूबाजूंनी निदान अर्धा इंच आत जा, सड असेल तिथे चांगला प्लाय लागेपर्यंत. मग वाळवणं. हा सगळ्यात कंटाळवाणा भाग आणि इथेच सगळे घाई करतात. होडीची नाळ उंच, भोक उघडं, दुपारच्या उन्हात, रात्री वरून झाकून. हेअर ड्रायर चालेल, हीट गन जवळ धरू नका, फायबर करपतं आणि प्लायचे पदर सुटतात. वाळला की नाही हे कळायला एक सोपी युक्ती, संध्याकाळी भोकावर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून चिकटवा, दुसऱ्या दिवशी ऊन लागल्यावर आतून घाम धरला तर अजून ओल आहे.

रेझिनबद्दल. बाजारात फायबरवाले वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन, स्वस्त, होडी त्याचीच बनलेली. पण या कामाला इपॉक्सी वापरा, लाकडाला आणि जुन्या फायबरला ते कितीतरी जास्त घट्ट धरतं, आकसतं कमी. मात्र एकदा इपॉक्सी वापरलं की त्याच्यावर पॉलिएस्टर किंवा साधा जेलकोट भरवशाने चिकटत नाही, वर रंग द्यायचा तर पीयू म्हणजे पॉलियुरेथेन पेंट द्या. आणि इपॉक्सीसोबत नेहमीची ती तुकड्यांची मॅट वापरू नका, तिचा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही, त्यामुळे ती नीट भिजत नाही. विणलेलं ग्लास कापड घ्या.

ज्यांना पॉलिएस्टरच वापरायचंय त्यांच्यासाठी एक वाक्य, नीट वाचा. कोबाल्ट, म्हणजे रेझिन लवकर बसावं म्हणून घालतात ते, आणि हार्डनर, म्हणजे तो एमईकेपी, हे दोन कधीही थेट एकमेकांत ओतू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग हार्डनर. बाटल्या पण शेजारी शेजारी ठेवू नका. आणि डोळ्यांवर चष्मा हवा, एमईकेपीचा एक थेंब डोळा घालवू शकतो. हे मी उगाच घाबरवायला लिहीत नाहीये, किनाऱ्यावर पोरं बनियनवर हे मिसळताना रोज दिसतात.

इपॉक्सी भरायची रीत अशी. आधी नुसतं पातळ रेझिन, हार्डनर सोडून दुसरं काही न मिसळता, ब्रशने प्लायच्या कडेला पाजा. लाकूड पितं. परत पाजा. प्यायचं थांबलं आणि कड चकचकीत ओली राहिली की उरलेल्या रेझिनमध्ये सिलिका पावडर मिसळून चक्क्याच्या श्रीखंडासारखं घट्ट करा, चमचा उलटा केला तरी पडता कामा नये. बाहेरच्या बाजूने भोकावर पॅकिंग टेप चिकटवा, त्याला इपॉक्सी धरत नाही, आणि आतून दाबत दाबत भरा, हवा राहता कामा नये. खोल पोकळी एका दमात भरू नका, अर्ध्या इंचाचा थर, तो कोमट होऊन जरा थंडावला की पुढचा. एप्रिल-मेच्या गर्मीत जाड गोळा स्वतःच्याच उष्णतेने तापतो, धूर निघतो, आतून तडकतो. स्लो हार्डनर घ्या, वजनकाट्यावर मोजून थोडं थोडं कालवा, आणि कालवलेलं भांड्यात ठेवू नका, पसरट ताटलीत ओता. अंदाजाने "जरा हार्डनर जास्त घालू म्हणजे लवकर बसेल" हे पॉलिएस्टरचं डोकं इथे चालत नाही, इपॉक्सीत प्रमाण चुकलं की ते कायमचं चिकट राहतं. दमट हवेत वाळलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो, पुढचा हात द्यायच्या आधी तो साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीने धुऊन काढा, नाहीतर वरचा थर सुटेल.

आता तुमच्याकडे भोक नाहीये, इपॉक्सीचा भरीव ठोकळा आहे. दोन-तीन दिवस कडक होऊ द्या आणि त्याच्या मधून नवीन भोक पाडा, होलसॉने, म्हणजे ड्रिलला लावायच्या गोल करवतीने, बाहेरून अर्धं आणि आतून अर्धं, म्हणजे कडेचे टवके उडणार नाहीत. आधीपेक्षा एक सुधारणा करून घ्या, भोक किंचित बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवा आणि आतल्या तोंडाची खालची कड तळाच्या बरोबरीत आणा. बऱ्याच होड्यांत भोक तळापासून बोटभर वर असतं, तेवढं पाणी मग कधीच जात नाही. स्क्रू पण आता या ठोकळ्यातच जातील असं बघा, म्हणजे नवीन भोकाच्या भोवतीचा प्लाय सगळीकडून इपॉक्सीच्या आड. फिटिंग उद्या गळलं तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही, सगळी मेहनत एवढ्यासाठीच होती.

फिटिंग कुठलं बसवायचं यावर लोकांची मतं वेगळी आहेत. आरपार पितळी नळी आणि दोन्ही टोकं वळवलेली, हा जुना प्रकार मला आवडत नाही. नळी वळवताना पितळ तापवून मऊ केलं नाही तर कडेला बारीक चिरा जातात आणि आत काय चाललंय ते कधीच दिसत नाही. पुळणीवर ओढायच्या होडीला माझं मत विचाराल तर धातूच नको. इपॉक्सीच्या गुळगुळीत भोकात आतल्या बाजूने फुगणारं रबरी बूच, बस. बाहेर काही नाही म्हणजे वाळूत घासायला काही नाही, आणि बूच लावायला विसरून होडी पाण्यात गेली तरी आत बसल्या बसल्या लावता येतं. लिव्हरवालं घेऊ नका, नटवालं घ्या, ते हवं तेवढं कसता येतं. धक्क्याला बांधलेली किंवा ट्रेलरवरची होडी असेल तर गनमेटलची फ्लँज ठीक.

फ्लँज लावणार असाल तर पॉलियुरेथेन मरीन सीलंट घ्या, सिकाफ्लेक्स २९१ सारखं. थ्रीएमचं ५२०० पण मिळतं पण ते जवळजवळ कायमचं चिकटतं, पुढच्या वेळी फ्लँजबरोबर जेलकोट सोलून येईल. बाथरूमचं सिलिकॉन नको, पाण्याखाली ते टिकत नाही आणि त्याचा जो अंश राहतो त्यावर नंतर काहीच चिकटत नाही, जुनं सिलिकॉन असेल तर खरवडून, सँडिंग करूनच पुढे जा. एमसील तात्पुरतं गळती थांबवायला ठीक आहे, होडी किनाऱ्याला आणण्यापुरतं, फ्लँज बसवायचं ते सामान नाही. स्क्रूच्या भोकांची तोंडं मोठ्या ड्रिलने जरा बशीसारखी करून घ्या, म्हणजे जेलकोट तडकणार नाही आणि तिथे सीलंटची रिंग बसेल. स्क्रू पहिल्याच दिवशी पूर्ण आवळू नका, सगळं सीलंट बाहेर निघून जातं. कडेने सगळीकडून सारखं डोकावेपर्यंत कसा, दुसऱ्या दिवशी शेवटचा पाव फेरा. दोन-तीन दिवस थांबून परत नीळ आणि पावडर. पावडर कोरडी राहिली की होडी पाण्यात.

पावसाळ्यात होडी वर असेल तेव्हा बूच काढून, नाळ उंच करून ठेवा हे सगळ्यांना माहीत असतं. पण काढून ठेवलं म्हणजे पाणी जातंच असं नाही. माडाची किशी, पानं, सुकलेली जाळ्यांची सुतळी येऊन भोकात अडकते, आणि कुंभारीण माशी तर असल्या भोकात मातीचं घर करायला टपलेलीच असते, एका आठवड्यात भोक लिंपून टाकते. मग वरून ताडपत्री असली तरी कडेने गेलेलं पाणी आत साठतं, आणि ट्रान्सम परत कुजायला मोकळं. आतल्या तोंडावर स्टीलच्या जाळीचा तुकडा लावा आणि पाऊस पडून गेला की एकदा काडी घालून बघा.

आणि समुद्रात बूच सुटलं तर काय, हेही कोणीतरी विचारतंच. एक इंची मोकळं भोक पाण्याखाली आठ-नऊ इंच असेल तर मिनिटाला ३५-४० लिटर पाणी आत येतं, म्हणजे मोठ्या दोन बादल्या. एका माणसाला उपसून पुरवता येतं, पण तो दुसरं काही करू शकत नाही. रिकामी हलकी होडी वेगात पाण्यावर उचलली गेली की मागच्या भोकातून पाणी उलट बाहेर ओढलं जातं, म्हणून काही जण मशीन तशीच दामटतात, पण माणसं आणि माल भरलेली होडी तेवढी उचललीच जात नाही, आणि उचलली तरी थांबल्यावर काय? आधी भोक बुजवा, मग किनारा. त्यासाठी दुसरं बूच आणि एक मऊ लाकडाची निमुळती खुंटी, टोकाला अर्धा इंच आणि बुडाला दीड इंच, ट्रान्समच्या आतल्या कडीला दोरीने बांधून ठेवा. पेटीत ठेवू नका, त्या वेळी पेटी जाळ्यांखाली असते.